व्यसनग्रस्ताच्या कुटुंबीयांची सावरण्याची प्रक्रिया आणि वास्तववादी वैयक्तिक उद्दिष्टे

सारांश

घरातील एका व्यक्तीच्या व्यसनाचे परिणाम संपूर्ण कुटुंबाला भोगावे लागतात; मात्र उपचारांच्या व चर्चेच्या केंद्रस्थानी बहुधा व्यसनी व्यक्तीच असते. तिची पत्नी, आई-वडील, भावंडे व मुले यांनाही स्वतःचे आयुष्य नव्याने उभे करायचे असते, ही बाब मागे पडते. व्यसनग्रस्ताच्या कुटुंबीयांनी सावरण्याच्या काळात स्वतःसाठी वास्तववादी उद्दिष्टे कशी ठरवावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. ज्याची पूर्तता दुसऱ्याच्या वर्तनावर अवलंबून असते ते उद्दिष्ट नसून इच्छा असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : व्यसनाधीनता, कुटुंबीय, वास्तववादी उद्दिष्टे, स्वक्षमतेवरील विश्वास, सामाजिक आधार

प्रास्ताविक

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. दारूच्या व्यसनावरील मराठीतील हे सर्वांत परिचित नाटक होय. सुधाकराच्या अधःपाताची कथा म्हणून ते ओळखले जात असले, तरी प्रेक्षकांच्या मनात अधिक काळ राहिली ती सिंधू. दळण दळून ती घर चालवते, भाऊ न्यायला आला तरी माहेरी जात नाही आणि अखेरच्या घटकेलाही पतीचा अपराध झाकते. तिच्या त्यागाने प्रेक्षकांच्या अनेक पिढ्यांचे डोळे ओले केले. तथापि एक प्रश्न उरतोच. पतीने दारू सोडावी, याखेरीज सिंधूला स्वतःसाठी काही हवे होते काय? नाटकात या प्रश्नाला जागा नाही. त्या काळच्या समाजातही नव्हती. आजच्या अनेक घरांतही ती नाही.

या प्रश्नाचे क्षेत्र लहान नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी व्यक्ती मद्यसेवन करतात. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी व्यक्तींना मद्यामुळे निर्माण झालेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. अशा प्रत्येक व्यक्तीमागे घरातील दोन माणसांना झळ बसते असे गृहीत धरले, तरी ही संख्या ११ कोटींच्या वर जाते. या माणसांची स्वतंत्र नोंद कोणत्याही रुग्णपत्रिकेवर होत नाही.

लेखाची उद्दिष्टे

१) व्यसनाचा कुटुंबीयांवर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
२) इच्छा व उद्दिष्ट यांतील भेद विशद करणे.
३) सावरण्याच्या काळातील उद्दिष्टे तपासण्यासाठी व्यवहार्य निकष सुचविणे.
४) महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व मांडणे.

कुटुंबीयांकडे पाहण्याचे दृष्टिकोन

व्यसन हा आजार आहे, ही समजूत रुजविण्यात 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या स्वमदत चळवळीचा मोठा वाटा आहे. तिच्याच प्रेरणेने १९५१ मध्ये व्यसनी व्यक्तींच्या नातेवाइकांसाठी 'अल-अनॉन' ही स्वतंत्र संघटना उभी राहिली. व्यसन आपण निर्माण केलेले नाही, आपण त्यावर नियंत्रण ठेवू शकत नाही आणि आपण ते बरेही करू शकत नाही, ही तीन सूत्रे तेथे नातेवाइकांना शिकविली जातात. महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही कुटुंबीयांना उपचारप्रक्रियेत सामावून घेतले. रुग्णांच्या पत्नींसाठी चालणारा तेथील 'सहचरी' हा गट या संदर्भात उल्लेखनीय आहे.

पुढील काळात 'सहअवलंबन' ही संकल्पना लोकप्रिय झाली. व्यसनी व्यक्तीची काळजी घेता घेता नातेवाईकही एका अर्थाने आजारी होतात आणि नकळत व्यसनाला खतपाणी घालतात, असा तिचा आशय आहे. काही प्रसंगांत तो खरा असला तरी त्यात एक धोका आहे. आधीच 'तूच नवऱ्याला नीट सांभाळले नाहीस' असे ऐकलेल्या स्त्रीवर या संकल्पनेमुळे दोषाचा दुसरा शिक्का बसतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जिम ऑर्फर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी याला पर्याय मांडला. इंग्लंड, मेक्सिको आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाज यांच्या अभ्यासावर आधारित असलेल्या त्यांच्या प्रतिमानानुसार कुटुंबीय हे सदोष व्यक्तिमत्त्वाचे नसतात, तर दीर्घकाळ ताण सोसणारी ती सामान्य माणसे असतात. त्यांची प्रकृती चार बाबींवर ठरते : वाट्याला आलेला ताण, त्यामुळे होणारा शारीरिक-मानसिक त्रास, त्यास तोंड देण्याची पद्धत आणि मिळणारा आधार.

तोंड देण्याच्या पद्धतीही ढोबळमानाने तीन आढळतात. काही जण सोसत राहतात, काही जण व्यसनाला सामोरे जाऊन विरोध करतात, तर काही जण अंतर राखून स्वतःचे आयुष्य स्वतंत्रपणे घडवू लागतात. यांपैकी कोणतीही एक पद्धत सर्वकाळ योग्य वा अयोग्य नसते. एकच व्यक्ती एकाच आठवड्यात तिन्ही अवलंबते. या प्रतिमानावर आधारलेल्या 'पाच पायऱ्यांच्या पद्धती'त कुटुंबीयाचे म्हणणे ऐकून घेणे, आवश्यक माहिती देणे, तोंड देण्याच्या पर्यायांची चर्चा करणे, आधार शोधणे आणि पुढील गरजा ठरविणे असा क्रम आहे. गोव्यातील 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी याच पद्धतीच्या आधारे प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांमार्फत कुटुंबीयांना मदत देण्याचा कार्यक्रम विकसित केला, ही आपल्या परिसराच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय.

इच्छा आणि उद्दिष्ट

व्यसनी व्यक्तीच्या नातेवाइकास 'तुम्हाला काय हवे आहे?' असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : 'त्याने प्यायचे सोडावे.' हे उत्तर स्वाभाविक आहे. परंतु ते उद्दिष्ट नव्हे. उद्दिष्टाचा कर्ता उद्दिष्ट ठरविणारी व्यक्तीच असावी लागते. येथे वाक्याचा कर्ता दुसराच आहे. परिणामी पत्नीचा दिवस चांगला गेला की वाईट, हे संध्याकाळी दार उघडताना येणाऱ्या वासावर ठरू लागते.

यामागील वास्तवही ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अंमली पदार्थ संशोधन संस्थेच्या मते उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के इतके असते आणि ते दमा वा उच्च रक्तदाबाचे रुग्ण पुन्हा आजारी पडण्याच्या प्रमाणाशी तुलना करण्याजोगे आहे. व्यसनमुक्तीच्या परिभाषेत यास 'स्लिप' म्हणतात. स्लिप झाली म्हणजे उपचार वाया गेले असे नव्हे. मात्र ज्या कुटुंबीयाची सर्व उद्दिष्टे रुग्णाच्या निर्व्यसनीपणावर उभी असतात, त्याचे सर्वस्व त्या एका संध्याकाळी कोसळते.

या संदर्भात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले मिलर, मेयर्स व टोनिगन यांचे संशोधन बोलके आहे. उपचारास नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० निकटवर्तीयांना तीन भिन्न पद्धतींनी मार्गदर्शन करण्यात आले. सकारात्मक वर्तनास प्रोत्साहन देण्याचे प्रशिक्षण मिळालेल्या गटातील ६४ टक्के मद्यपी उपचारास तयार झाले. कुटुंबाने एकत्र येऊन मद्यपीस समोरासमोर जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के, तर अल-अनॉनकडे वळविण्याच्या पद्धतीत १३ टक्के होते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक म्हणजे कुटुंबीयांच्या वागण्याचा रुग्णावर प्रभाव पडू शकतो. 'आपल्या हाती काहीच नाही' हे म्हणणे पूर्णतः खरे नाही. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. निकटवर्तीयांच्या स्वतःच्या मनःस्थितीत तिन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली. रुग्ण उपचारास तयार होण्याच्या प्रमाणात एवढी तफावत असूनही कुटुंबीयांच्या सावरण्यात ती तफावत दिसली नाही. सावरण्याच्या या दोन वाटा एकमेकींना स्पर्श करतात, पण एकच नाहीत.

उद्दिष्टनिश्चितीचे सैद्धांतिक अधिष्ठान

उद्दिष्टनिश्चितीचा सर्वांत व्यापक अभ्यास एडविन लॉक व गॅरी लॅथम यांनी केला. १९९० मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या त्यांच्या सिद्धांतानुसार 'शक्य तेवढे करू' अशा संदिग्ध संकल्पापेक्षा नेमके व आव्हानात्मक उद्दिष्ट अधिक फलदायी ठरते. मात्र त्यासाठी क्षमता, बांधिलकी व प्रगतीची वेळोवेळी मिळणारी माहिती आवश्यक असते. परिस्थिती नवी व गुंतागुंतीची असल्यास फलनिष्पत्तीपेक्षा शिकण्याचे उद्दिष्ट ठेवणे हितावह, असेही पुढील संशोधनात आढळले. व्यसनमुक्तीनंतरचे घर ही अशीच नवी परिस्थिती असते. 'घरात पुन्हा भांडण होऊ देणार नाही' यापेक्षा 'भांडण पेटू लागले की खोलीबाहेर जाण्याची सवय लावून घेईन' हे उद्दिष्ट म्हणूनच अधिक उपयुक्त ठरते.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वक्षमतेवरील विश्वासाची संकल्पनाही येथे उपयोगी पडते. 'मला हे जमेल' हा विश्वास उपदेशापेक्षा प्रत्यक्ष जमल्याच्या अनुभवातून अधिक दृढ होतो. वर्षानुवर्षे ज्यांचे प्रयत्न निष्फळ ठरले, त्यांचा हा विश्वासच खचलेला असतो. त्यामुळे त्यांची पहिली उद्दिष्टे लहान असणे ही तडजोड नसून ती पद्धतीचीच गरज होय.

वास्तववादी उद्दिष्टाचे पाच निकष

व्यवस्थापनशास्त्रात उद्दिष्ट नेमके, मोजता येण्याजोगे, साध्य व कालबद्ध असावे असे सांगितले जाते. व्यसनग्रस्ताच्या कुटुंबीयांसाठी ही कसोटी पुरेशी नाही. तिला पुढील पाच निकषांची जोड आवश्यक आहे.

१) कर्तृत्वाचा निकष : उद्दिष्टाच्या वाक्यातील कर्ता 'मी' आहे काय? 'मुलाने माझ्याशी बोलावे' ही इच्छा. 'रोज रात्री मुलासोबत जेवायला बसेन' हे उद्दिष्ट.

२) साधनांचा निकष : त्यासाठी लागणारा वेळ, पैसा व शारीरिक शक्ती आज उपलब्ध आहे काय? जी स्त्री पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत राबते, तिला रोज एक तास योगासने करण्याचा सल्ला देणे म्हणजे तिच्या अपयशाच्या यादीत आणखी एका अपयशाची भर घालणे होय.

३) स्लिपचा निकष : उद्या रुग्णाने पुन्हा मद्य घेतले तर हे उद्दिष्ट टिकेल काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास उद्दिष्टाची फेरमांडणी करावी. पाचही निकषांत हा सर्वांत कठोर व सर्वांत उपयुक्त होय.

४) सुरक्षिततेचा निकष : उद्दिष्टामुळे मारहाणीचा धोका वाढतो काय? हिंसा असलेल्या घरात प्रथम उद्दिष्ट सुरक्षिततेचेच असले पाहिजे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क व संरक्षण आदेश मागण्याची तरतूद आहे. आर्थिक छळाचाही त्यात समावेश होतो. कागदपत्रांची एक पिशवी विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवणे हे या टप्प्यावरील पूर्ण व पुरेसे उद्दिष्ट असू शकते.

५) आधाराचा निकष : या उद्दिष्टाविषयी किमान एका व्यक्तीला माहिती आहे काय? लज्जेमुळे व्यसनग्रस्ताचे घर एकाकी पडते. स्वमदत गट, बचत गट, बहीण, मैत्रीण यांपैकी कोणीही हा आधार होऊ शकते.

एक प्रातिनिधिक उदाहरण

हे निकष प्रत्यक्षात कसे वापरता येतील, हे एका काल्पनिक परंतु प्रातिनिधिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लिपिक असलेल्या ३८ वर्षांच्या एका स्त्रीचा पती व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन परतला आहे. घरात बारावीतील मुलगी व आठवीतील मुलगा आहे. तिचे वेतन दरमहा १४,००० रुपये असून डोक्यावर १,८०,००० रुपयांचे कर्ज आहे. तिने मनाशी चार गोष्टी ठरविल्या : पतीने पुन्हा दारूला शिवू नये, वर्षभरात कर्ज फिटावे, मुलाने पूर्वीसारखे हसावे-बोलावे आणि नातेवाइकांत पूर्वीचा मान मिळावा.

पहिली, तिसरी व चौथी गोष्ट पहिल्याच निकषावर बाद होते. दुसरी गोष्ट नेमकी, मोजता येणारी व कालबद्ध आहे. तरीही ती अवास्तव आहे. वर्षभरात हे कर्ज फेडण्यासाठी व्याज वगळूनही दरमहा १५,००० रुपये लागतील, म्हणजे तिच्या संपूर्ण वेतनाहून अधिक. घरखर्च वजा जाता तिच्याजवळ जेमतेम २,५०० रुपये उरतात. या दराने केवळ मुद्दल फिटण्यास सहा वर्षे लागतील.

हा हिशेब प्रथमदर्शनी निराशाजनक वाटतो. परंतु कागदावर मांडल्यानेच त्यातून वाट निघते. कर्जाची फोड केली असता १,४०,००० रुपये भाऊ व नणंदेकडून बिनव्याजी घेतलेले असून ४०,००० रुपये खासगी सावकाराचे, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाचे आहेत, असे दिसते. नातेवाइकांना भेटून मुदत मागितली आणि दरमहा २,५०० रुपये केवळ सावकाराकडे भरले, तर व्याजासह हे देणे सुमारे २० महिन्यांत संपते. 'वर्षभरात कर्जमुक्ती' याऐवजी 'वीस महिन्यांत सावकारमुक्ती' हे उद्दिष्ट तिच्या आवाक्यातील आहे. पतीची मिळकत या हिशेबात धरलेली नाही, हे विशेष. ती मिळाली तर मुदत घटेल, न मिळाल्यास हिशेब बिघडणार नाही.

उर्वरित गोष्टींचीही अशीच फेरमांडणी होते. मुलासाठी रात्रीचे जेवण एकत्र आणि जेवताना अभ्यासाचा वा वडिलांचा विषय न काढणे. स्वतःसाठी आठवड्यातून एकदा कुटुंबीयांच्या गटाची सभा आणि रोज वीस मिनिटे चालणे. मानसन्मानाची गोष्ट तूर्त यादीतून वगळली जाते. पतीविषयी एकच उद्दिष्ट उरते : तो पिऊन आला तर त्या रात्री वाद घालायचा नाही, मुलांना शेजारी पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी केंद्राला फोन करायचा.

चौथ्या महिन्यात पतीची स्लिप होते असे मानू. ती रात्र सोपी नसते. तिला झोप लागत नाही. पण मुले शेजारी असतात, दुसऱ्या दिवशी फोन होतो आणि पाच तारखेला सावकाराचा चौथा हप्ता भरला जातो. पूर्वीच्या यादीनुसार तिने सर्व गमावले असते. नव्या यादीनुसार तिने एक वाईट रात्र काढली. रोज चालण्याचा बेत मात्र दुसऱ्याच आठवड्यात बारगळलेला असतो. तेथे स्वतःला दोष देण्याऐवजी 'रविवारी सकाळी' एवढाच बदल केला जातो. उद्दिष्ट घटविणे म्हणजे उद्दिष्ट सोडणे नव्हे.

काही आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप स्वार्थाचा आहे. घरातील माणूस आजारी असताना स्वतःच्या उद्दिष्टांचा विचार करणे आपल्या कुटुंबसंस्कृतीत बसत नाही, असे म्हटले जाते. परंतु क्षयरोग्याची शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेतल्यास कोणी त्यास स्वार्थी म्हणत नाही. शिवाय स्वतःचे आयुष्य हाती घेतलेला कुटुंबीय रुग्णावर पहारा ठेवणे कमी करतो, आणि त्याने घरातील तणाव ओसरण्यास मदत होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबी, बेरोजगारी, दारूची सहज उपलब्धता आणि स्त्रियांचे आर्थिक परावलंबन हे प्रश्न सामाजिक असताना वैयक्तिक उद्दिष्टांची भाषा करणे म्हणजे सर्व जबाबदारी पीडितावरच टाकणे नव्हे काय? हा आक्षेप रास्त आहे. ज्या स्त्रीच्या नावे ना उत्पन्न आहे ना घर, तिच्या उद्दिष्टांची कक्षा तिच्या निर्धाराने नव्हे, तर परिस्थितीने आखलेली असते. म्हणूनच साधनांचा व आधाराचा निकष वरील यादीत अनिवार्य मानला आहे. वैयक्तिक उद्दिष्ट हा सामाजिक उपायांना पर्याय नाही. ते उपाय पोहोचेपर्यंत माणसाला उभे ठेवणारा तो टेकू आहे.

महाविद्यालयीन शिक्षकांची भूमिका

व्यसनग्रस्ताच्या कुटुंबातील सदस्य महाविद्यालयाच्या वर्गातही बसलेला असतो. सततची गैरहजेरी, शुल्क भरण्यातील दिरंगाई, सहलीला वा स्नेहसंमेलनाला नकार, पालकसभेला पालक न येणे, या बाबींचा अर्थ प्रत्येक वेळी बेफिकिरी असा नसतो. असे विद्यार्थी पुष्कळदा दोन टोकांची उद्दिष्टे बाळगतात. काही जण स्पर्धा परीक्षेत यश मिळवून सर्व घराचा उद्धार करण्याचा विडा उचलतात, तर काही जण कोणतेही उद्दिष्ट ठेवण्याचेच टाळतात. दोहोंच्या मुळाशी घरातील अनिश्चितताच असते.

अशा विद्यार्थ्याला मार्गदर्शन करताना शिक्षकाने समुपदेशकाची जागा घेण्याचे कारण नाही. एकांतात ऐकून घेणे, गोपनीयता पाळणे, वडिलांची निंदा वा समर्थन न करणे आणि 'या सत्रात तुझ्या हातात काय आहे?' एवढाच प्रश्न विचारणे पुरेसे ठरते. अभ्यासासाठी ग्रंथालयातील दोन तास, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरणे, वसतिगृहाची चौकशी करणे ही अशा विद्यार्थ्याची वास्तववादी उद्दिष्टे होत. महाविद्यालयाचा समुपदेशन कक्ष, व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आणि मानसिक आरोग्यासाठी २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' सेवा (१४४१६) यांची माहिती सूचनाफलकावर कायम असावी. ती कोणाला हवी आहे, हे विचारण्याची वेळ येऊ नये.

समारोप

व्यसनाधीनतेविरुद्धच्या प्रयत्नांत कुटुंबीयांचा विचार आजवर प्रामुख्याने रुग्णाचे मदतनीस म्हणून झाला. ते मदतनीस आहेतच. परंतु त्याआधी ती स्वतंत्र आयुष्य असलेली माणसे आहेत. त्यांच्या सावरण्याचे वेळापत्रक रुग्णाच्या वेळापत्रकाला बांधता येत नाही. कर्ता स्वतः असणे, साधने हाताशी असणे, स्लिपनंतरही टिकणे, सुरक्षितता जपणे आणि आधार असणे या पाच निकषांवर उतरणारे लहानसे उद्दिष्टही त्यांना पुन्हा पायावर उभे करू शकते.

सिंधूपुढे सुधाकराखेरीज दुसरे उद्दिष्ट ठेवण्याची मुभा तिच्या काळाने तिला दिली नाही. आजच्या सिंधूला ती आहे, हे तिला कोणीतरी सांगावे लागते. सुशिक्षित समाजाकडून, विशेषतः शिक्षकवर्गाकडून, किमान एवढी अपेक्षा करणे गैर ठरणार नाही.